अवरेकाईचे दिवस आणि एक काळी साडी

डिसेंबर सरत आला की आमच्या जयनगरच्या बाजारात आधी वास येतो आणि मग शेंगा दिसतात. होसकोट्याच्या बाजूने टेम्पो भरून पोती येतात, फुटपाथवर रिकामी होतात आणि बघता बघता हिरव्या शेंगांचे गुडघाभर उंच ढीग लागतात. अवरेकाई. आपल्या पावट्याची सख्खी बहीण, फक्त ही अंगाला तेल चोपडून आलेली. शेंग हातात धरली की बोटं चिकट होतात आणि तो वास दिवसभर सोबत राहतो. साबण लावा, चिंच लावा, तो हटत नाही. दव जितकं जास्त पडेल तितका वास दाट, असं इथले लोक मानतात. म्हणून बायका भाव विचारण्याआधी शेंग नाकाशी नेतात. परवा मीही नेली. भाजीवाली कन्नडमध्ये म्हणाली, "वास घेऊन झाला असेल तर पिशवी उघडा, अक्का." मी पिशवी उघडली आणि घरी येईपर्यंत मला इथला पहिला हिवाळा आठवत राहिला.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. आनंदला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीत नोकरी लागली आणि दिवाळी आटोपून आम्ही पुण्याहून बंगलोरला आलो. तेव्हा सगळे बंगलोरच म्हणायचे. सई, आमची मुलगी, नुकती पालथी पडून सरकायला लागली होती. पुणं ते बंगलोर म्हणजे काही सातासमुद्रापार नाही, रात्री बसमध्ये बसलं की सकाळी पोचतो. पण मला तो परदेशच वाटला. दुकानांच्या पाट्या वाचता येत नव्हत्या. बसवरचा आकडा तेवढा कळायचा, बस कुठे चालली आहे ते कळायचं नाही. भाजी बोटाने दाखवायची आणि भावही बोटांनीच करायचा. पुण्यात मी दुकानदाराशी वाद घालण्यात पटाईत होते, आणि इथे माझं तोंडच काढून घेतल्यासारखं झालं होतं. वाद घालता येत नाही त्या गावात माणसाने करायचं काय?

आनंद सकाळी कंपनीच्या बसने जायचा तो अंधार पडल्यावर परतायचा. मधला सगळा दिवस सई, मी आणि खिडकीतून येणारे वास. आजूबाजूच्या घरांतून सकाळी फिल्टर कॉफीचा, मग हिंगाच्या फोडणीचा, दुपारी चुलीवर तापणाऱ्या तुपाचा. त्या वासांवरून प्रत्येक घरात किती वाजलेत ते मला कळायचं, पण त्या घरांतल्या एकाही बाईचं नाव ठाऊक नव्हतं. समोरच्या घरातली बाई रोज पहाटे दारात रांगोळी घालायची. पद्मम्मा तिचं नाव, हे मला पुष्कळ नंतर कळलं. आम्ही दोघी फाटकाशी एकमेकींकडे बघून हसायचो आणि पुढे बोलायला शब्द नसल्यामुळे आपापल्या घरात निघून जायचो.

डिसेंबरात एक दिवस मी आनंदसमोर रडले. मला इथे नाही राहायचं, असं स्पष्ट सांगितलं. आनंद शांत माणूस, आवाज चढवणं त्याला जमत नाही. तो म्हणाला, "संक्रांत होऊ दे. सईचं बोरन्हाण इथे करू. तोवरही तुला हे घर आपलं वाटलं नाही, तर मी पुण्याच्या ऑफिसात बदली मागतो." मी हो म्हटलं, पण मला बरं वाटलं नाही. त्याला इथलं काम मनापासून आवडलं होतं. घरी आल्यावर तो जे सांगायचा त्यातलं मला ओ की ठो कळायचं नाही, पण सांगताना त्याचा चेहरा कसा खुलायचा ते दिसायचं. पुण्याला परतलो असतो तर तो पुन्हा जुन्याच कंटाळवाण्या कामाला जुंपला गेला असता आणि त्याबद्दल एक शब्द बोलला नसता. तो बोलणार नाही याचंच मला जास्त वाईट वाटायचं.

मराठी माणसं नव्हती असं नाही. पुण्या-मुंबईकडून, नागपूरकडून आलेली आमच्यासारखी जोडपी होती, आणि रविवारी कुणा एकाच्या फ्लॅटवर आम्ही जमायचो. पोहे व्हायचे, कुणी गावाहून आणलेली चटणी निघायची, कॅसेट लागायची. पण बोलणं सगळं परत जाण्याचं. "इथे सेटल वगैरे नाही हं व्हायचं," नागपूरचा एकजण दर रविवारी सांगायचा, "दोन वर्षं एक्सपीरियन्स घ्यायचा, की बॅक टू महाराष्ट्र." सगळे माना डोलवायचे. त्या खोल्यांमध्ये फारसं फर्निचर नसायचं आणि गाद्या जमिनीवर असायच्या, जणू प्रत्येकजण फलाटावर बसून गाडीची वाट बघत होता. मी तिथून घरी यायचे ती अधिकच उदास होऊन.

आणि आमच्या डोक्यावरच, वरच्या मजल्यावर, अक्का राहत होत्या. आमच्या घरमालकीण. पहिल्याच दिवशी जिन्यावरून वाकून त्यांनी मला विचारलं होतं, "पुण्याची की तू? आम्हीपण मराठीच की ग. ऊट झालं?" जेवण झालं का, असं त्या विचारत होत्या, हे मला तासाभराने उमगलं. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. यजमान, ज्यांना सगळी गल्ली अण्णा म्हणायची, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. अक्कांच्या बोलण्यात निम्मं कन्नड होतं, आणि उरलेल्या मराठीत असे जुने शब्द, की पुण्यात ते वापरायचं लोकांनी कधीच सोडून दिलं होतं. ह्या बाईंना आपलं म्हणायचं की इथलं म्हणायचं, हे मला ठरवता येत नव्हतं. त्यांना मात्र असा काही प्रश्न पडल्याचं दिसत नव्हतं.

एका सकाळी सई काही केल्या रडायची थांबेना. वरून हाक आली. "वर ये की ग. पोरीला मी धरते, तू स्वल्प अवरे दाब."

गच्चीवर कोवळं ऊन आलं होतं. चटई, आणि चटईवर मोठ्या पातेल्यात रात्रभर भिजवलेले अवरेकाईचे दाणे. ते सोलून आतली डाळ काढायची असते. दाणा चिमटीत धरायचा, अंगठ्याने हलकंच दाबायचं, की साल बोटांत राहते आणि गुळगुळीत डाळ टुणकन पातेल्यात उडी मारते. अक्का मला शिकवायला सरसावल्या, पण माझी चिमूट आपोआप चालू लागली होती. पुण्याला आमच्या स्वयंपाकघरात मोड आलेल्या वालाच्या डाळिंब्या मी लहानपणापासून सोललेल्या. अगदी तीच हालचाल, तसंच पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळणं.

अक्का बघत राहिल्या. "कुठं शिकलीस ग हे?"

"आमच्याकडे वाल असेच सोलतात."

"अस्सं की. मग तू एकदम परकी नव्हेस." त्यांनी सईला मांडीवर पालथं घातलं आणि पाठीवर थोपटायला लागल्या. "ह्या दिवसांत आमच्या घरी दुसरं काही शिजत नाही बघ. उप्पिटात अवरे, रोटीत अवरे, सारात अवरे. अण्णा कंटाळतात, पण संपले की महिनाभर तेच आठवत बसतात."

त्या दिवशी मी पहिल्यांदा ती डाळ घातलेलं सार आणि तांदळाच्या पिठाची अक्की रोटी खाल्ली. पहिल्या घासाला वास उग्र वाटला, तिसऱ्याला भूक लागली. मग रोजच सकाळी मी वर जाऊ लागले. त्या कन्नड मिसळून बोलायच्या, मी इंग्रजी मिसळून बोलायचे, मधल्या मराठीत आमचं चालायचं. सई त्यांच्या मांडीवर झोपायची. हल्ली ह्या सोललेल्या डाळीची तयार पाकिटं मिळतात आणि मी ती घेतेही, खोटं कशाला बोला. पण पाकिटातली डाळ शिजते आणि संपते. तिच्यासाठी कुणाच्या गच्चीवर जावं लागत नाही.

तरी अक्का झाल्या एक घर. बाकी गल्ली तशीच बंद होती आणि संक्रांत जवळ येत होती. आईने पुण्याहून आनंदच्या एका मित्राबरोबर हलव्याचे दागिने पाठवले. मुकुट, हार, बाजूबंद, पैंजण, सगळे पांढरेशुभ्र, काटेदार. सोबत सईसाठी चांदण्यांची खडी असलेलं काळं झबलं आणि माझी काळी साडी. मी रविवारच्या मंडळींना बोरन्हाणाचं बोलावणं केलं तेव्हा कळलं की सगळेच सणाला घरी चालले आहेत. "अगं, संक्रांतीला इथे कोण थांबतं?" एक मैत्रीण म्हणाली. तिच्या आवाजात दुष्टपणा अजिबात नव्हता. तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं.

मग मी ठरवलं की गल्लीतल्याच बायकांना बोलवायचं. संक्रांतीच्या सकाळी इथे लहान मुली आणि बायका ताटं घेऊन घरोघर जातात, असं अक्कांनी सांगितलं होतं. ताटात तीळ, गुळाचे आणि खोबऱ्याचे बारीक तुकडे, शेंगदाणे, डाळं, उसाचं कांडं, साच्यात ओतलेली साखरेची चित्रं. आल्या की त्यांना कुंकू लावायचं आणि तिथल्या तिथे संध्याकाळचं निमंत्रण द्यायचं. माझा बेत पक्का होता. संध्याकाळी बायका आल्या तर इथे राहायचं, नाही आल्या तर बॅग भरायची. आनंदला हे मी सांगितलं नाही, पण त्याला कळलं होतं. कंपनीत परदेशी ग्राहकाचं काहीतरी तातडीचं काम निघाल्यामुळे त्याला सुट्टी मिळाली नव्हती, आणि सकाळी निघताना तो दोनदा परत वळला.

मी न्हाऊन काळी साडी नेसले. संक्रांतीला काळी नेसायची, ह्यात विचार करण्यासारखं मला काहीच नव्हतं. गणपतीला मोदक करायचे तितकंच ते सरळ. सईला काळं झबलं घातलं, केसांत फूल माळलं, रांगोळी काढली आणि वाट बघत बसले.

फाटक वाजलं. पद्मम्मा होती, बरोबर परकर नेसलेल्या दोन मुली आणि मागे गल्लीतल्या आणखी काहीजणी. मी हसत दार उघडलं. पद्मम्माचं हसू माझ्या चेहऱ्यावरून साडीवर उतरलं आणि तिथेच मावळलं. मुली आईच्या मागे सरकल्या. पद्मम्माने हळू आवाजात काहीतरी विचारलं, मला ते समजलं नाही. मी कुंकवाचा करंडा पुढे केला, तर तिने एकदा मागच्या बाईकडे बघितलं आणि कपाळ पुढे करू की नको अशी उभी राहिली. मी "ईव्हनिंग, बेबी फंक्शन, प्लीज कम" असं काय काय म्हणत होते. "सरी, सरी," म्हणजे बरं, बरं, असं ती घाईने म्हणाली, ताटातला तिळगुळाचा पुडा उंबऱ्याच्या आत ठेवला आणि सगळ्याजणी निघून गेल्या. पलीकडच्या घरात शिरताना त्या एकमेकींशी कुजबुजत होत्या. आमच्याबद्दलच बोलत होत्या, हे कळायला भाषा लागत नव्हती.

नंतर दुसरं कुणी आलं नाही. मी दार लावून घेतलं. मला अपमान वाटला, राग आला, आणि सगळ्याच्या खाली एक सुटल्याची भावनाही होती, की चला, लागला एकदाचा निकाल. माळ्यावरची बॅग मी खाली काढली आणि सईचे आणि माझे कपडे भरायला लागले.

अक्का सकाळीच देवळात गेल्या होत्या. दुपारी त्या ताट घेऊन खाली आल्या आणि दारातच थबकल्या. त्यांनी साडी बघितली, मग बॅग बघितली, आणि ताट खाली ठेवून पलंगावर बसल्या.

"ह्या साडीने दार उघडलीस?"

"हो. का?"

"इथं सणादिवशी काळं अंगाला लावत नाहीत ग. घरात काही वाईट झालंय की काय, असं वाटलं असेल त्यांना."

मी भांडायच्याच बेतात होते. "पण आमच्यात संक्रांतीला काळीच नेसतात. आमचा सण आहे हा."

"मला सांगतेस?" अक्का म्हणाल्या. "आमची आई पण काळीच नेसत होती की. सुगड पूजायची, देवाला तीळ वाहायचे, सगळं काळ्या साडीत. आणि उंबरा ओलांडायच्या आधी बदलून हिरवी. मी विचारली होती तिला, एका सकाळी दोन साड्या काय म्हणून. म्हणाली, आतली आपल्या देवाला, बाहेरची शेजाराला."

"मी का बदलू पण?"

"नको बदलू. कोण सांगतंय? मी येते संध्याकाळी. मी, तू आणि पोर. पुरे की."

असं म्हणून त्यांनी सईला मांडीवर घेतलं. मला त्यांचा संताप आला, कारण त्यांनी आग्रह केला असता तर मला नाही म्हणता आलं असतं. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. समोर पद्मम्माच्या दारात उसाची चिपाडं पडली होती आणि तिच्या मुली पायरीवर बसून ऊस खात होत्या. तीनशे वर्षं अक्कांच्या लोकांनी आपली संक्रांत टिकवली कशी, असा विचार माझ्या मनात आला. पुण्याला परतायला तयार राहून नक्कीच नव्हे. अक्कांच्या आईने काळी साडी टाकून दिली नव्हती, आणि ती नेसून कुणाच्या दारातही गेली नव्हती. मी बॅगेतून हिरवी साडी काढली.

"आणि सईचं झबलं?" मी विचारलं.

"ते असू दे. लेकराला काळं दृष्टीसाठी, हे गल्लीत सगळ्यांना कळतं." अक्का उठल्या. "चल, स्वल्प लवकर. बायका दुपारच्या झोपायच्या आत गाठू."

आम्ही घरोघर गेलो. अक्का पुढे, मी सईला घेऊन मागे. प्रत्येक दारात अक्का कन्नडमध्ये भराभर काहीतरी सांगायच्या, बाई माझ्याकडे बघायची, मग हसायची. पद्मम्माने तर तोंडावर हात ठेवला आणि माझा दंड धरून मला आतच ओढलं. बाहेर आल्यावर मी अक्कांना विचारलं, "काय सांगताय तुम्ही?"

"सांगते की, पहिलं लेकरू आहे, दृष्ट लागेल म्हणून फार भिते, म्हणून आईपण काळं नेसली होती."

"पण हे खरं नाही."

"मग तू सांग खरं. कन्नड शीक आणि सांग." त्या पुढच्या फाटकाकडे वळल्यासुद्धा.

संध्याकाळी बायका आल्या. आधी दोघी, मग एकदम घोळका. मी पाटावर सईला बसवलं, हलव्याचे दागिने घातले, आणि आता हे सगळं कसं समजावून सांगायचं ह्या विवंचनेत असताना पद्मम्माने पदराखालून परडी काढली. परडीत बोरं होती, उसाचे करवे होते आणि फुलांच्या पाकळ्या. त्यांच्याकडेही संक्रांतीला लेकरांच्या डोक्यावरून बोरं ओततात. समजावून सांगण्याजोगं काही नव्हतंच. माझी बोरं, तिची बोरं, चुरमुरे, सगळं एका सुपात मिसळलं. तिने ओंजळ भरली, सईच्या डोक्यावर धरली आणि हलकेच सोडली. सईने दचकून वर बघितलं, रडावं की काय ह्याचा विचार केला, आणि मग हातातला बाजूबंद तोंडात घालून त्याचा हलवा चोखायला लागली. सगळी खोली हसली. गल्लीतली पोरं बोरांवर तुटून पडली. कुणीतरी कन्नडमध्ये आरतीचं गाणं धरलं, अक्कांनी त्यात सूर मिसळला. शब्द कळत नव्हते तरी मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही. पद्मम्माने माझ्या केसांत कनकांबराचा, म्हणजे आपल्या अबोलीचा, गजरा माळला. वाण म्हणून मी एकेकीला लहानशी वाटी दिली, तेव्हा त्या गोंधळल्या. आपणच पाहुण्या आणि आपल्यालाच भेट, ही काय रीत, असं त्यांनी अक्कांना विचारलं. अक्का म्हणाल्या, "पुण्याची माणसं अशीच."

आता ह्या गल्लीतली जुनी घरं पाडून त्यांचे उंच फ्लॅट झाले आहेत, आणि इलेक्ट्रॉनिक सिटीला डोक्यावरून जाणारा रस्ता झाला आहे. पद्मम्मा लेकीकडे म्हैसूरला गेली. अक्का नाहीत. पण संक्रांतीला आमच्याकडे बोरं ओतली जातात, कुणाचं ना कुणाचं लेकरू पाटावर असतंच. मला कन्नड येतं, भाजीवालीशी वाद घालण्याइतकं तरी नक्की येतं. काळ्या साडीचं खरं कारण मी पुढे पद्मम्माला तिच्या भाषेत सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, अक्कांचं कारण जास्त चांगलं होतं.

त्या संध्याकाळी आनंद कंपनीच्या बसमधून उतरला आणि दारातला चपलांचा ढीग बघून फाटकातच थांबला. त्याला वाटलं, काहीतरी झालं. बायका त्याला वाट देत, हसत बाहेर पडल्या. आत येऊन त्याने बोरांनी भरलेली फरशी बघितली, चिकट गालांची सई बघितली, आणि कोपऱ्यातली अर्धी भरलेली बॅगही बघितली. बॅगेला वळसा घालून त्याने सईला उचललं. शेवटी म्हणाला, "आईंना फोन करायचा असेल ना? त्या वाट बघत असतील, तू कधी येतेस म्हणून."

"करू या," मी म्हटलं.

कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये आम्ही तिघं कसेबसे मावलो. आईने पहिल्याच घंटीला फोन उचलला. "झालं बोरन्हाण? मग, कधीचं तिकीट काढताय?"

"तूच ये, आई," मी म्हटलं. "रथसप्तमीच्या आत ये. गल्लीतल्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावलंय."

आनंदने काचेकडे तोंड फिरवलं. समोरचा मीटर पळत होता. मग पलीकडून आईचा आवाज आला, नेहमीसारखा, कामाचा. "बरं. माझी काळी चंद्रकळा घेऊन येते मग."

"घेऊन ये," मी म्हटलं, "पण बसमधून उतरताना अंगावर हिरवी असू दे. आमच्या शेजारणी तुला बघायला येणार आहेत."